चिऱ्याची भिंत तारेने ओलांडा

गोव्यातल्या जुन्या घरांत वाय-फायची तक्रार बहुतेक एकाच चालीवर ऐकू येते. पुढच्या खोलीत, जिथे फायबरवाल्याने डबा लावला तिथे, सगळं झकास. माजघरात जेमतेम. मागच्या खोलीत दोन दांड्या दिसतात, पण व्हॉट्सॲपवरचा फोटो उघडायचं नाव घेत नाही. मग इंटरनेटवाल्याला फोन जातो, शंभर मेगाबिटचा प्लॅन दोनशेचा होतो, महिन्याचं बिल वाढतं आणि मागच्या खोलीत काही म्हणता काही फरक पडत नाही. पडणारही नाही. घरापर्यंत येणारं इंटरनेट ही एक गोष्ट आणि घरात फिरणारं वाय-फाय ही दुसरी. दुखणं दुसऱ्या ठिकाणी आहे आणि औषध पहिल्याला चाललंय.

माझं मत आधीच सांगून टाकतो. घरात अंतर कापायचं काम तारेचं. वाय-फायने फक्त ती एक खोली भरायची, फार तर शेजारची. एवढं मान्य झालं तर पुढचं सगळं सोपं आहे.

भिंतीचा दोष, राउटरचा नाही

आपल्याकडे घर म्हणजे चिऱ्याचं. जुन्या घरात भिंत दीड-दोन फूट जाड असणं नवल नाही. त्यात हा दगड सच्छिद्र. पावसाळ्यात तो पाणी पितो आणि भिंतीला ओल धरते. रेडिओ लहरी पाण्यात शोषल्या जातात. त्यामुळे मे महिन्यात कसंबसं चालणारं वाय-फाय जुलैत रुसलं, तर त्यात राउटर बिघडल्याचं कारण शोधायला नको.

लहरी मोजतात डेसिबलमध्ये. दहा डेसिबल घटले म्हणजे ताकदीचा दहावा भाग उरला, वीस घटले म्हणजे शंभरावा. अशा दोन भिंती एकामागून एक आल्या की फोनच्या हाती काय लागत असेल, याचा अंदाज करा. फोनमध्ये सिग्नल मोजणारं एखादं फुकट ॲप टाकून घरभर फिरलात तर हे प्रत्यक्ष दिसतं. आकडे उणे असतात, म्हणून शून्याच्या जवळचा आकडा चांगला. उणे ६५च्या आसपास असेल तर व्हिडिओ कॉल निर्धास्त करा. उणे ८० झालं की मेसेज जाईल, कॉल तुटेल. माजघराच्या दारातून आत पाऊल टाकताच आकडा पंधरा-वीसने खाली येतो ते पाहिलं, की राउटर बदलायचा विचार आपोआप मागे पडतो.

राउटर दोन पट्ट्यांवर बोलतो: २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. पहिल्याची लहर साधारण साडेबारा सेंटिमीटरची, दुसऱ्याची पाच-सहा. लांब लहर भिंतीतून जरा बरी पार होते, पण तिचा वेग कमी आणि त्या पट्टीवर गर्दी फार. शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह सगळे तिथेच. ५ गिगाहर्ट्झची पट्टी रुंद आहे. २०१८ साली केंद्र सरकारने तिच्यातला ६०५ मेगाहर्ट्झचा भाग वाय-फायसाठी परवान्याविना वापरायला मोकळा केला. पण चिऱ्यापुढे ती लवकर हात टेकते. म्हणजे जी वेगवान आहे तीच भिंतीला घाबरते.

वर मात्र मंगळुरी कौलं. तिथे अडवणारं फारसं काही नाही. त्यामुळे घरातल्या माणसांपेक्षा परसातल्या माडावरच्या कावळ्याला रेंज चांगली मिळते.

“चार अँटेनांचा मोठा राउटर घ्या, सगळीकडे पोचेल” हा दुकानातला सल्ला अर्धाच खरा. वाय-फाय हे दोन्ही बाजूंचं बोलणं आहे. राउटरने ताकद वाढवून फोनपर्यंत आवाज पोचवला, तरी फोनला उत्तर द्यायचं असतं, आणि खिशातल्या बॅटरीवर चालणाऱ्या फोनची ताकद बेताचीच. दांड्या पूर्ण दिसतात आणि काम होत नाही, याचं एक मोठं कारण हे.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. पट्टीतल्या एका भागावर, म्हणजे चॅनेलवर, एका वेळी एकच यंत्र बोलू शकतं. रायबंदरहून चोडणला जाणारी फेरीबोट डोळ्यांसमोर आणा: एखादा लादलेला टेम्पो चढायला वेळ लावतो तेव्हा मागच्या स्कूटरवाल्यांनाही थांबावं लागतं, त्यांचा काही दोष नसताना. दूरच्या खोलीतला फोन कमकुवत सिग्नलमुळे अगदी हळू बोलतो, म्हणून तेवढ्याच मजकुराला हवेतला कितीतरी जास्त वेळ खातो. मागच्या खोलीत कुणी रील बघत बसलं की पुढच्या खोलीतला टीव्ही अडखळतो तो यामुळे. चवथीला मुंबई-पुण्याची मंडळी घरी आली, घरात वीस फोन झाले, की हे सगळं एकदम उघडं पडतं.

रिपीटर का नको

रिपीटर म्हणजे प्लगमध्ये खोचायचा तो छोटा डबा. स्वस्त, तार नको, पाच मिनिटांत चालू. पण त्याचं काम पाहा: राउटरकडून ऐकायचं आणि तेच पुन्हा हवेत बोलायचं. एकाच चॅनेलवर हे चालत असेल तर प्रत्येक गोष्ट हवेत दोनदा बोलली जाते, म्हणजे वेग निम्म्यावर येतो. तो मागच्या खोलीत लावला तर त्याला स्वतःलाच नीट ऐकू येत नाही. अलीकडे लावला तर पुढची भिंत आहेच. दोन पट्ट्यांचे रिपीटर थोडे बरे असतात, तरी भिंत ओलांडायची ती हवेतूनच. भाड्याच्या खोलीत, भिंतीला भोक पाडायची मुभा नसेल तिथे, ठीक आहे. स्वतःच्या घरात पैसे फुकट.

हल्ली मिळणारे मेश संच, म्हणजे एकमेकांशी जोडून घरभर ठेवायचे वाय-फायचे डबे, याहून चांगले. पण तेही बिनतारी जोडले तर चिऱ्यापुढे त्यांची तीच गत. त्याच संचातले डबे तारेने जोडले तर मात्र ते उत्तम चालतात, आणि बहुतेकांना तशी सोय असते. विजेच्या वायरिंगमधूनच नेट पाठवणारे ॲडॉप्टरही मिळतात; जुन्या घरात जिथे वायरिंग टप्प्याटप्प्याने, वेगवेगळ्या फेजवर झालेलं असतं, तिथे त्यांचा भरवसा धरवत नाही.

तार कोणती, कुठून

तारेचा हिशेब एका ओळीचा आहे. साधी कॅट-५ई तार १०० मीटरपर्यंत १ गिगाबिटचा वेग नेते, आणि भिंत मधे किती जाड आहे हे ती विचारत नाही. कॅट-६ घेतली तर पुढे पन्नासेक मीटरपर्यंत १० गिगाबिटही चालेल. घरासाठी कॅट-६ घ्यावी. ओढायची मजुरी तीच पडते.

गंमत म्हणजे ही तारेची पद्धत बिनतारीतूनच जन्मली. १९७१मध्ये हवाई बेटांवरच्या विद्यापीठात बेटाबेटांवरची यंत्रं रेडिओने जोडणारं ‘अलोहानेट’ सुरू झालं. एकाच हवेत सगळ्यांनी आळीपाळीने कसं बोलायचं, ही तिथली कल्पना रॉबर्ट मेटकाफ यांनी १९७३मध्ये तारेत उतरवली आणि इथरनेट तयार झालं. पुढे तारेत प्रत्येकाला स्वतंत्र वाट मिळाली आणि वाट पाहायची गरज संपली. वाय-फाय अजून आळीपाळीवरच चाललंय.

तार घेताना एक तपासणी जरूर करा. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली तार सर्रास मिळते, वेष्टनावर कॅट-६ छापलेली असते आणि किंमत मोहात पाडते. टोकाची एक बारीक तार ब्लेडने खरवडा. आतून पांढरट, रुपेरी दिसली तर ती ॲल्युमिनियम. अशी तार लवकर तुटते, लांब अंतराला दगा देते आणि तिच्यातून वीज न्यायची झाली तर तापते. संपूर्ण तांब्याची तार हातात घेतली की वजनानेच कळते.

वाट ठरवताना घराचा नकाशा कामाला येतो. राजांगणाचं घर असेल तर तुमचं नशीब चांगलं. चारी बाजूंच्या ओसरीला धरून, वाशांच्या खाली, पट्टी मारत तार फिरवता येते आणि भोकं दोन-तीनच पडतात. शिवाय राजांगण वरून मोकळं. तिथल्या खांबावर एक ॲक्सेस पॉइंट (तारेला जोडलेला, फक्त वाय-फाय देणारा डबा) ओसरीच्या बाजूला, पाऊस लागणार नाही असा बसवला तर चारी ओसऱ्या त्याच्या टप्प्यात येतात, मधे दगड नाही. फक्त तुळशीवृंदावनाच्या बरोबर आड बसवू नका. राजांगण नसेल तर माळ्यावरून तार नेणं सोपं. पण माळ्यावर उंदीर असतात, तेव्हा ती उघडी न सोडता पीव्हीसी पाइपातूनच न्यावी. यंत्र स्वतः माळ्यावर ठेवू नका. एप्रिल-मेच्या दुपारी कौलांखाली ते भाजून निघेल.

चिऱ्यात भोक पाडणं काँक्रीटच्या मानाने सोपं, पण दोन फुटी भिंतीला लांब ड्रिल लागतं. भोक बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं पाडायला सांगा, नाहीतर तारेच्या आधाराने पावसाचं पाणी आत येईल. बाहेरून तार आत घेताना भोकाच्या खाली तिला एक झोळ द्या म्हणजे पाणी तिथेच ठिबकतं. उन्हापावसात राहणारी तार बाहेरच्या वापराची, काळ्या जाड वेष्टनाची हवी. करडी घरगुती तार उन्हाने तडकते. आणि विजेच्या वायरींबरोबर एकाच पाइपातून ती कधीही नेऊ नका. फूटभर अंतर ठेवा, ओलांडायचीच झाली तर काटकोनात.

फ्लॅटवाल्यांचं काम यातलं निम्मंच आहे. पर्वरी, फोंडा, मडगावच्या इमारतींत टेलिफोनचा किंवा केबल टीव्हीचा पाइप आधीच भिंतीत असतो, बरेचदा रिकामा. त्यातली जुनी तार दोरीसारखी वापरून नवी ओढता येते.

आठ रंग

तारेच्या आत आठ बारीक तारा असतात, दोन-दोनच्या चार पिळलेल्या जोड्यांत. जॅक लावताना रंगांचा क्रम ठरलेला आहे. आपल्याकडे सहसा चालतो तो असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्या जोडीच्या मधे निळी जोडी येते हे विचित्र वाटतं, पण तेच महत्त्वाचं आहे. काही कारागीर सोपं म्हणून चारी जोड्या ओळीने लावतात आणि दोन्ही टोकांना तसंच करतात. स्वस्त टेस्टर जोडला की आठही दिवे क्रमाने पेटतात आणि काम पास होतं. पण तिसऱ्या आणि सहाव्या जागेवर एकाच पिळातल्या तारा नसल्या, की शेजारच्या जोडीचा गोंधळ तिच्यात शिरतो. दिवे हे दाखवत नाहीत. वेग दाखवतो. पीळही जॅकपाशी अर्ध्या इंचाहून जास्त सोडवायचा नाही.

म्हणून कारागीर दारात उभा असतानाच लॅपटॉप तारेला जोडून लिंकचा वेग पाहा. विंडोजमध्ये नेटवर्कच्या सेटिंगमध्ये, इथरनेटखाली तो दिसतो. १००० दिसलं पाहिजे. १०० दिसलं, तर समजा की चारपैकी एखादी जोडी नीट बसलेली नाही. १०० मेगाबिटला दोन जोड्या पुरतात, १०००ला चारही लागतात. जॅक पुन्हा लावला की बहुधा सुटतं. तरीही १००च राहिलं तर राउटरचं किंवा लॅपटॉपचं पोर्टच १०० मेगाबिटचं आहे का ते बघा. स्वस्त राउटरांत ते तसं असतं, आणि मग वरचा प्लॅन ३००चा असला तरी त्या तारेतून ९४-९५च्या वर काही मिळत नाही.

मागच्या खोलीतला डबा

तारेच्या दुसऱ्या टोकाला हवा ॲक्सेस पॉइंट. नवा घ्यायची गरज नाही. कपाटात पडलेला जुना राउटर चालतो, दोन्ही पट्ट्यांचा असेल तर उत्तम. इथेच लोक अडकतात, म्हणून जरा सावकाश.

राउटर तीन कामं करतो. बाहेरचं नेट घरात वाटतो, प्रत्येक यंत्राला पत्ता देतो आणि वाय-फाय चालवतो. घरात पहिली दोन कामं एकानेच करायची, फायबरच्या डब्याने. दुसऱ्याने फक्त वाय-फाय चालवायचं. जुन्या राउटरच्या सेटिंगमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ असेल तर तो निवडा, उरलेलं तोच बघतो.

तो मोड नसेल तर हाताने करायचं. घरच्या नेटवर्कला जोडण्याआधी जुना राउटर एकट्या लॅपटॉपला जोडा. त्याचा स्वतःचा पत्ता बदला: मुख्य डबा १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ द्या, आणि मुख्य डबा यंत्रांना जे पत्ते वाटतो त्यांत हा नाही याची खात्री करा. मग डीएचसीपी बंद करा. डीएचसीपी म्हणजे पत्ते वाटणारं खातं. ते दोन ठिकाणी चालू राहिलं तर एखाद्या फोनला चुकीच्या डब्याकडून पत्ता मिळतो आणि “माझं चालतं, तुझं चालत नाही” अशी भुताटकी सुरू होते. शेवटी भिंतीतून आलेली तार जुन्या राउटरच्या लॅन पोर्टात लावा. बाहेरच्या नेटसाठी असलेल्या निळ्या किंवा वेगळ्या रंगाच्या वॅन पोर्टात नाही. सेटिंग काहीच न बदलता तार नुसती वॅनमध्ये लावलीत तर इंटरनेट बहुधा चालेल, त्यामुळे बरोबर केलं असंच वाटेल. पण मागच्या खोलीतून पुढचा प्रिंटर दिसणार नाही, फोनवरचं टीव्हीवर टाकता येणार नाही, आणि बोलत बोलत खोली बदलली की कॉल तुटेल, कारण तिथे वेगळंच नेटवर्क तयार झालेलं असतं.

नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार दोन्हीकडे अक्षरशः एकच ठेवा. चॅनेल मात्र वेगळे: २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ आणि ११ हे तीनच एकमेकांच्या अंगावर येत नाहीत, तेव्हा एकाला १, दुसऱ्याला ६, तिसऱ्याला ११. चॅनेलची रुंदी तिथे २० मेगाहर्ट्झवरच ठेवा. ५ गिगाहर्ट्झवर एकाला ३६ आणि दुसऱ्याला १४९ दिलं की विषय मिटला.

इथून तिथे जाताना फोनने राउटर कधी बदलायचा, हे फोन ठरवतो, राउटर नाही. काही फोन चिवट असतात; मागच्या खोलीत बसूनही पुढच्या राउटरचा पदर सोडत नाहीत. उपाय उलटा आहे: दोन्ही राउटरांची ताकद सेटिंगमधून कमी करा. दूर गेल्यावर जुना सिग्नल खरोखर पडला, की फोन जवळचा धरतो. आपल्या भिंती इथे पहिल्यांदा मदतीला येतात.

एक धोका. राउटरला मोकळं पोर्ट दिसलं आणि लोंबती तार दिसली, की घर भरलेलं असताना कुणीतरी मदत म्हणून ती खोचतो. एकाच स्विचमधून (अनेक तारा एकत्र जोडणारा डबा; राउटरची लॅन पोर्टं म्हणजेही स्विचच) निघालेली तार त्याच स्विचमध्ये परत गेली तर तोच संदेश गोल फिरत वाढत राहतो आणि क्षणात सगळ्या घराचं नेट बसतं. सगळे दिवे एकसारखे वेड्यासारखे लुकलुकत असतील तर आधी हेच शोधा. तारांच्या टोकांना चिकटपट्टीवर खोलीचं नाव लिहून लावलेलं बरं.

वीज गेली तर

पावसाळ्यात आपल्याकडे वीज जाते, हे काही सांगायला नको. दोन-तीन ठिकाणी राउटर ठेवले तर प्रत्येकाला इन्व्हर्टरचा प्लग हवा. त्याऐवजी तारेतूनच वीज न्यायची सोय आहे, पीओई म्हणतात तिला. तिचं पहिलं प्रमाण २००३चं, एका पोर्टातून १५.४ वॅट, २००९च्या सुधारित प्रमाणात ३० वॅट. पीओई स्विच आणि फायबरचा डबा एकाच छोट्या यूपीएसवर ठेवा, मागचे ॲक्सेस पॉइंट तिथूनच जगतात. जुन्या घरगुती राउटरला हे चालत नाही, पीओईवर चालणारा ॲक्सेस पॉइंटच घ्यावा लागतो. आणि समोरच्या यंत्राला न विचारता तारेत सरळ २४ व्होल्ट सोडणारे स्वस्त इंजेक्टर असतात, त्यांची गाठ भलत्याच यंत्राशी पडली तर ते यंत्र जळतं. जोडीनेच घ्या.

परसातल्या वेगळ्या खोलीला किंवा अंगणापलीकडच्या घराला नेट न्यायचं असेल तर मात्र तांबं नको. मेच्या अखेरीला आणि ऑक्टोबरात गडगडाटी पाऊस पडतो तेव्हा जवळच्या माडावर वीज पडली, की दोन इमारतींमधल्या तांब्याच्या तारेत झटका येतो आणि दोन्ही टोकांची यंत्रं जातात. तिथे फायबर टाका. काच वीज वाहून नेत नाही. मात्र बाजारातल्या पुष्कळशा घरगुती फायबर तारेत आधारासाठी पोलादी तार असते. ती नसलेली मागा, नाहीतर ती कापून दोन्ही घरांच्या बाहेरच थांबवा. दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टरचे, म्हणजे फायबर आणि तांब्याची तार यांना जोडणारे, छोटे डबे लागतात. एकाच काचेच्या धाग्यावर चालणारे घेतलेत तर त्यांतल्या एकावर ए आणि दुसऱ्यावर बी लिहिलेलं असतं. दोन्हीकडे ए लावला तर लिंकचा दिवा पेटत नाही.